‘ओपन’ म्हणजे नेमकं कोणासाठी उघडं? इंडियन ओपन गोल्फची गोष्ट

पुण्यात येरवड्याला गोल्फ क्लब चौक आहे. विमानतळाकडे जाताना रोज हजारो लोक तो ओलांडतात, रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लबपाशी सोडा’ म्हणून सांगतात आणि सिग्नल लागला की वैतागतात. भिंतीपलीकडे काय चालतं, हे त्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. मीही कित्येक वर्षं पाहिलं नव्हतं. गोल्फ म्हणजे मोठ्या साहेबांनी सकाळच्या उन्हात पाय मोकळे करायचं निमित्त, या समजुतीवर माझं छान चाललं होतं.

मग एकदा इंडियन ओपनच्या विजेत्यांची यादी नजरेखालून गेली. ही आपली राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा 1964 पासून चालू आहे. 2025 पर्यंत 9 भारतीयांनी ती जिंकली. त्यातला एक हौशी खेळाडू, बाकीचे 8 व्यावसायिक. या आठांपैकी 5 जण एकतर साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहणारे कॅडी होते किंवा मैदानाची हिरवळ राखणाऱ्याच्या घरातले. श्रीमंतांचा म्हणवणारा खेळ आणि त्याच्या सर्वोच्च स्पर्धेची ही यादी! हे कसं झालं ते समजायचं, तर आधी ‘ओपन’ हा शब्द सोडवावा लागतो.

आपल्याकडे ‘ओपन’ म्हटलं की कोणाला प्रवेशाच्या फॉर्मवरची कॅटेगरी आठवते, कोणाला कुस्तीतला खुला गट, तर कोणाला गावोगावच्या फ्लेक्सवरची ‘भव्य खुली टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा’. गोल्फमधला अर्थ यातल्या शेवटच्याच्या जवळचा. ज्या स्पर्धेत हौशी आणि व्यावसायिक दोघांनाही उतरता येतं, ती ओपन. आज यात विशेष काही वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात मात्र हौशी म्हणजे क्लबचा सभासद, सुखवस्तू, पैशासाठी न खेळणारा सद्गृहस्थ. व्यावसायिक म्हणजे त्याच क्लबात काठ्या दुरुस्त करणारा, चेंडू बनवणारा, पिशव्या उचलणारा माणूस. दोघं एकाच मैदानावर दिसायचे, पण एकाच दारातून आत यायचे नाहीत.

पहिली ओपन 17 ऑक्टोबर 1860 रोजी स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविक इथे झाली. तिला आज नुसतं ‘द ओपन’ म्हणतात. गंमत अशी की पहिल्या वर्षी ती ओपन नव्हतीच. आपल्याकडचे भरवशाचे कॅडी पाठवा, असं क्लबांना कळवलं होतं, आणि आले फक्त 8 व्यावसायिक. प्रेस्टविकला तेव्हा 12 होल, म्हणजे चेंडू पोचवायची भोकं, होती. एकाच दिवसात त्यांच्या 3 फेऱ्या, म्हणजे 36 होल. मसलबर्गच्या विली पार्कने 174 फटक्यांत काम उरकलं, टॉम मॉरिसला 176 लागले. पार्क मूळचा कॅडी. मॉरिस प्रेस्टविकचं मैदान राखणारा. म्हणजे जगातल्या पहिल्या ओपनची चुरस लागली ती पिशवी वाहणारा आणि हिरवळ राखणारा यांच्यातच. पुढच्या वर्षी, 1861 मध्ये, स्पर्धा साऱ्या जगासाठी खुली असल्याचं जाहीर झालं आणि मग हौशी मंडळीही उतरली.

सुरुवातीला बक्षीस म्हणून रोख रक्कम नव्हती. लाल मोरोक्को चामड्याचा, चांदीचं बकल असलेला पट्टा मिळायचा, तोही वर्षभरासाठी. सलग 3 वर्षं जिंकणाऱ्याला तो कायमचा ठेवता येई. टॉम मॉरिसच्या मुलाने, त्याचंही नाव टॉमच, 1868, 1869 आणि 1870 अशी तिन्ही वर्षं मारली आणि पट्टा घरी नेला. आता द्यायला काहीच उरलं नाही, म्हणून 1871 ची स्पर्धाच झाली नाही! बक्षीस संपलं म्हणून राष्ट्रीय स्पर्धा बंद, हे वाचून मला आपल्याकडच्या एखाद्या मंडळाच्या सभेचीच आठवण झाली. शेवटी 3 क्लबांनी वर्गणी काढली आणि 30 पौंडांत चांदीची सुरई करून घ्यायचं ठरलं. क्लॅरेट ही लाल वाईन वाढायच्या सुरईच्या घाटाची, म्हणून क्लॅरेट जग. द ओपनच्या विजेत्याला आजही तोच मान मिळतो.

इथे थोडं खेळाविषयी, म्हणजे पुढचे आकडे कळतील. चेंडू मारायच्या काठीलाही ‘क्लब’च म्हणतात. गोंधळ नको म्हणून मी काठी म्हणतो. मैदानात 18 होल असतात. प्रत्येक होलला साधारण किती फटके लागावेत ते ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात. पारपेक्षा एक कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. गुरुवार ते रविवार, रोज 18 अशा एकूण 72 होलमध्ये ज्याचे फटके सर्वांत कमी, तो जिंकला. दोन दिवसांनी मागची फळी गळते, त्याला कट म्हणतात. कट हुकला की त्या आठवड्याची कमाई साधारण शून्य, प्रवास आणि हॉटेलचं बिल मात्र स्वतःचं. शेवटी बरोबरी झाली तर प्लेऑफ, म्हणजे निकालासाठी जादा होल. समोरच्याशी थेट झुंज नसल्याने हा खेळ टीव्हीवर संथ वाटतो. खरं तर प्रत्येक जण मैदानाशीच भांडत असतो. मैदान ओळखीचं असणं किती मोलाचं, ते पुढे येईलच.

‘ओपन’ हा शब्द लिहिणं सोपं, पाळणं अवघड. अमेरिकेची ओपन 1895 मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी परीक्षा आली. 1896 मध्ये शिनेकॉक हिल्सच्या मैदानावर जॉन शिपन हा कृष्णवर्णीय मुलगा आणि ऑस्कर बन हा तिथल्या मूळ रहिवासी जमातीतला तरुण, अशी दोन नावं यादीत होती. हे खेळणार असतील तर आम्ही खेळणार नाही, असं काही गोऱ्या व्यावसायिकांनी बजावलं. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हॅव्हमायर बधले नाहीत. हे दोघंच उरले तरी स्पर्धा होईल, असं त्यांनी सांगितलं. मग सगळे मुकाट खेळले. एका होलवर 11 फटके घालवूनही शिपन पहिल्या दहांत आला. पण हॅव्हमायरांसारखी माणसं दर पिढीला मिळतातच असं नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या संघटनेने पुढे सभासदत्व फक्त गोऱ्यांना असा नियमच घातला. तो 1961 मध्ये निघाला.

आणि क्लबहाऊसचं दार? 1920 च्या द ओपनला इंग्लंडमधल्या डील इथे अमेरिकेचा वॉल्टर हेगन गेला, तेव्हा व्यावसायिकांना क्लबहाऊसमध्ये कपडे बदलायचीही मुभा नव्हती. त्याने भाड्याने आलिशान मोटार घेतली, क्लबच्या दारात उभी केली आणि तीच आपली खोली केली, हा किस्सा गोल्फवाले अजून चवीने सांगतात. त्याच वर्षी अमेरिकेत टोलेडोच्या इन्व्हर्नेस क्लबने व्यावसायिकांना सन्मानाने आत घेतलं. खेळाडूंनी वर्गणी काढून त्या क्लबाला एक उंच घड्याळ भेट दिलं. दक्षिण आफ्रिकेत ही गोष्ट फार कडू झाली. भारतीय वंशाचा ‘पापवा’ सेवगोलम डावा हात खाली, उजवा वर अशी उलटी पकड धरून खेळायचा. 1959, 1960 आणि 1964 मध्ये त्याने हॉलंडची राष्ट्रीय ओपन जिंकली. मधल्या काळात, 1963 मध्ये, तो डर्बनला नाताळ प्रांताची ओपन जिंकला, तेव्हा क्लबहाऊसमध्ये त्याला प्रवेश नव्हता, म्हणून चषक बाहेर, पावसात हातात दिला. त्या पावसातल्या छायाचित्राने वर्णभेदाची लाज जगभर नेली.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजांनी गोल्फ भारतात फार लवकर आणला. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 चा, म्हणजे द ओपनहूनही 31 वर्षांनी जुना. ब्रिटिश बेटांबाहेरचा हा सर्वांत जुना क्लब. मुंबईतही 1842 मध्ये गोल्फ क्लब निघाला. हौशींची अखिल भारतीय स्पर्धा 1892 पासून चालू होती. आणि हौशी-व्यावसायिक दोघांसाठी खुली असलेली इंडियन ओपन कधी आली? 1964 मध्ये. मधे 72 वर्षं गेली. स्पर्धेतल्या होलचा आकडाही 72 आहे, हा योगायोग मला फार आवडतो.

ही स्पर्धा उभी राहण्यात ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनचा मोठा वाटा. 1954, 1955 आणि 1956 अशी सलग 3 वर्षं आणि पुढे आणखी 2 वेळा द ओपन जिंकलेला हा माणूस. आशियात गोल्फ वाढायला हवा, यावर त्याचा विश्वास होता. 1964 मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर पहिली इंडियन ओपन झाली आणि ती त्यानेच जिंकली. मग 1966 मध्ये पुन्हा, आणि 1976 मध्ये, वयाच्या 46 व्या वर्षी, तिसऱ्यांदा. शिवाय दिल्लीच्या मैदानाची फेररचनाही सत्तरच्या दशकात त्यानेच केली. लग्न जमवायचं, मांडव घालायचा आणि बोहल्यावरही स्वतःच चढायचं, असा सगळा प्रकार.

मधे 1965 मध्ये कलकत्त्याला एक आक्रीत घडलं. प्रेमगोपाल सेठी, गोल्फवाल्यांचे ‘बिल्लू’, या हौशी खेळाडूने व्यावसायिकांना मागे टाकून स्पर्धा जिंकली. अर्जुन पुरस्कार मिळवणारे ते पहिले गोल्फपटू. हौशी असल्याने बक्षिसाच्या रकमेला हात लावायचा प्रश्नच नव्हता. नियमच तसा आहे, हौशी पहिला आला तर पैसे त्याच्या मागच्या व्यावसायिकाला जातात. त्यानंतर भारतीय नाव यादीत यायला 26 वर्षं लागली. या काळात ऑस्ट्रेलियन, जपानी, तैवानी, अमेरिकन येऊन चषक नेत राहिले. त्यात 1981 चा विजेता पेन स्टुअर्ट हा तेव्हा आशियात फिरून खेळणारा एक होतकरू अमेरिकन. पुढे त्याने दोनदा यूएस ओपन जिंकली.

या 26 वर्षांत भारतीय व्यावसायिक नव्हते का? होते. पण व्यावसायिक म्हणजे कोण, ते पाहा. क्लबच्या फाटकाशी पहाटे रांगेत उभा राहणारा पोरगा. साहेबाची पिशवी खांद्यावर घेऊन 18 होल चालायचं, म्हणजे सात-आठ किलोमीटर. चेंडू कुठे पडला ते बघून ठेवायचं, झुडपात शिरून शोधायचा, होलभोवतालच्या तुळतुळीत हिरवळीचा उतार कुणीकडे आहे ते सांगायचं. बहुतेक क्लब आठवड्यातून एक दिवस, सहसा सोमवारी, बंद असतात. कॅडींना खेळायला मिळायचं ते तेवढंच. काठ्या कोणीतरी टाकून दिलेल्या. प्रशिक्षक नाही, व्हिडिओ नाही. शिकायचं ते हजारो साहेबांचे हजारो चुकलेले फटके बघून. यातून जो वर आला, त्याच्याकडे दोन गोष्टी असायच्या: हिरवळ वाचणारी नजर आणि त्या मैदानाची खडान्‌खडा माहिती.

दिल्ली गोल्फ क्लबवर हीच माहिती सोन्याच्या मोलाची. शहराच्या ऐन मध्यात हे मैदान. जुने मकबरे, घुमट, मोर, आणि खेळायच्या अरुंद पट्टीच्या दोन्ही बाजूंना दाट काटेरी झुडपं. परदेशी खेळाडू मोठी काठी काढून दणका मारतो, चेंडू जरा वाकडा जातो आणि झाडीत गडप. सापडला तरी तिथून मारता येत नाही. एक फटका दंड भरून बाहेर काढायचा किंवा काटे खात आडवा मारायचा. इथे वाढलेल्याला माहीत असतं की मोठी काठी पिशवीतच राहू द्यावी. लहान काठीने चेंडू सरळ पट्टीत टाकावा, लांबी गेली तर गेली, मग हिरवळीजवळ हात दाखवावा. ताकदवानाला धीराने जिंकायचा हा खेळ.

1991 मध्ये याच मैदानावर, इथेच कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने इंडियन ओपन जिंकली. स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. योगायोगाने जिंकला असेल, असं ज्यांना वाटलं, त्यांना त्याने 1993 मध्ये पुन्हा जिंकून उत्तर दिलं.

तिथून बांध फुटला. 1998 मध्ये कोलकात्याचा फिरोज अली, तोही कॅडी. 1999 मध्ये अर्जुन अटवाल, 2000 मध्ये ज्योती रंधावा. सलग 3 वर्षं भारतीय. यातले शेवटचे दोघं वेगळ्या घरातले, एक उद्योजकाचा मुलगा, दुसरा लष्करी अधिकाऱ्याचा. अटवालने पुढे 2010 मध्ये अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक मालिकेत स्पर्धा जिंकली, भारतीयांत पहिल्यांदाच. रंधावाने 2006 आणि 2007 मध्ये पुन्हा इंडियन ओपन जिंकून थॉमसनच्या 3 विजयांशी बरोबरी केली. मधे 2002 मध्ये लखनौचा विजय कुमार, 2009 मध्ये बंगळुरूचा मुनियप्पा, दोघंही पूर्वीचे कॅडी. मुनियप्पाने प्लेऑफमध्ये कोरियाच्या खेळाडूला हरवलं. आणि 2013 चा विजेता शेजारच्या बांगलादेशचा सिद्दिकुर रहमान, ढाक्याच्या कुर्मिटोला क्लबवर चेंडू गोळा करत खेळ शिकलेला.

मला या सगळ्यांत जास्त जवळचा वाटतो तो शिवशंकर प्रसाद चौरसिया. वडील रॉयल कलकत्ता क्लबवर हिरवळ राखायचे. मुलगा तिथेच बघून-बघून शिकला. हिरवळीजवळचे त्याचे नाजूक फटके इतके अचूक की सहकारी त्याला ‘चिपपुटसिया’ म्हणायचे. पण इंडियन ओपन त्याला हुलकावणी देत राहिली. तब्बल 4 वेळा दुसरा. चौथी वेळ 2015 ची, दिल्लीची. शेवटच्या दिवशी तो आघाडीवर होता आणि अनिर्बान लाहिरी त्याच्या 7 फटके मागे. लाहिरीचा जन्म पुण्याचा, वडील सैन्यात डॉक्टर. लाहिरीने ते 7 फटके भरून काढले, बरोबरी केली आणि प्लेऑफच्या पहिल्याच होलवर बर्डी मारून सामना घेतला. त्या दिवशी चौरसियाचा चेहरा बघवत नव्हता. पुढच्या वर्षी, 2016 मध्ये, त्याच मैदानावर चौरसिया पहिला आला आणि लाहिरी त्याच्या मागे, संयुक्त दुसरा. 2017 मध्ये स्पर्धा गुरुग्रामच्या डीएलएफ मैदानावर गेली. तिथे तर तो 7 फटक्यांनी जिंकला. आकडा तोच, 7.

डीएलएफचं हे मैदान दक्षिण आफ्रिकेचा दिग्गज गोल्फपटू गॅरी प्लेयर याने आखलेलं. नवं, लांब, खड्डे-चढउतारांनी भरलेलं आणि खवट. 2019 मध्ये स्कॉटलंडच्या स्टीफन गॅलाकरने शेवटच्या दिवशी एका होलवर पारपेक्षा 4 जास्त, म्हणजे 8 फटके घालवले आणि तरीही स्पर्धा जिंकला. इतरांचे किती हाल झाले असतील ते यावरून समजावं. पण दिल्लीच्या झुडपांत जो उपयोगी पडायचा तो कॅडीचा वारसा इथे फारसा चालत नाही. इथे कोणाचं बालपण गेलेलं नाही.

दुसरा बदल पैशांचा. 2015 पासून ही स्पर्धा युरोपियन टूर या व्यावसायिक मालिकेच्या कार्यक्रमातही आहे. बक्षिसांची एकूण रक्कम 2009 मध्ये साडेबारा लाख डॉलर होती, 2025 मध्ये साडेबावीस लाख. पैसा आला की जगभरचे खेळाडू येतात, स्पर्धा चुरशीची होते, आणि जागा तेवढ्याच असल्याने स्थानिक खेळाडूंच्या वाट्याला कमी येतात. आज भारतीय खेळाडू आत येतो तो मुख्यतः देशांतर्गत पीजीटीआय मालिकेतल्या क्रमवारीवरून. पुण्याचा उदयन माने, जो टोकियो ऑलिम्पिकला गेला, याच मालिकेतून वर आला. 2017 नंतर 2025 पर्यंतच्या पाचही स्पर्धा (करोनामुळे मधली 3 वर्षं ती झालीच नाही) परदेशी खेळाडूंनी जिंकल्या. 2024 मध्ये वीर अहलावत संयुक्त दुसरा आला, तेवढंच. महिलांची वेगळी इंडियन ओपन 2007 पासून आहे. ती 2016 मध्ये 18 वर्षांच्या अदिती अशोकने जिंकली, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

पुढच्या वेळी स्पर्धा लागेल तेव्हा मोबाइलवर गुणफलक उघडून बघा. नावापुढे उणे 9 दिसलं तर पारपेक्षा 9 फटके कमी, म्हणजे उत्तम. आकड्याआधी ‘टी’ असेल तर बरोबरी. ‘एमसी’ म्हणजे कट हुकला, बिचारा शुक्रवारीच घरी. आणि एखाद्या नावासमोर कंसात बारीक ‘ए’ दिसला, तर तो हौशी खेळाडू आहे, जिंकला तरी पैसे न मिळणारा. विजेत्यांच्या अख्ख्या यादीत हा ‘ए’ एकदाच येतो, 1965 समोर.